मुख्यमंत्र्याचे घर : दिवाणी की सर्फे-खास?

अमुक नेता मुख्यमंत्री झाला, पण सरकारी बंगल्यात राहायला गेला नाही, आपल्या जुन्या घरातूनच कारभार पाहतो, अशी बातमी आली की आपल्याकडे टाळ्या पडतात. गंजगोलाईतल्या चहाच्या हॉटेलात बसलेला माणूसही पेपर खाली ठेवून म्हणतो, "असा पाहिजे माणूस! नाहीतर आमचे. निवडून आले की आधी बंगला!" या टाळ्या आम्हीही वाजवल्या आहेत. आज त्या परत घ्यायच्या आहेत, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मुख्यमंत्र्याने सरकारी निवासस्थानातच राहिले पाहिजे. तो त्याचा मान नव्हे, ती त्याच्यावरची अट असली पाहिजे. ते निवासस्थान लहान असावे, त्याचा खर्च उघडा असावा, पद गेले की ठरल्या मुदतीत ते रिकामे व्हावे, हे सगळे आम्हाला मान्य आहे. किंबहुना त्यासाठी आम्ही भांडू. पण खाजगी घरातून राज्य चालवणे म्हणजे साधेपणा, हे मात्र आम्हाला मान्य नाही. तो साधेपणा नसून जुन्या राजेशाहीची परतीची वाट आहे.

हे आम्ही मराठवाड्यात राहून म्हणतो, याला कारण आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन शब्द चांगले ठाऊक होते. दिवाणी आणि सर्फे-खास. हैदराबाद संस्थानात ज्या मुलखाचा महसूल राज्याच्या खजिन्यात जाई तो दिवाणी मुलूख, आणि ज्याचा महसूल निजामाच्या स्वतःच्या खाजगी खर्चासाठी जाई तो सर्फे-खास. उस्मानाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, मोठा भाग सर्फे-खासमध्ये होता, आणि आमचे लातूर १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात मोडत होते. एकाच आभाळाखाली, एकाच काळ्या मातीत राबणारी रयत. पण एकाचा सारा राज्याला जायचा आणि दुसऱ्याचा एका माणसाच्या घराला. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले आणि १९४९ मध्ये सर्फे-खास दिवाणीत विलीन झाले. या विलीनीकरणाचा उत्सव कोणी करत नाही. पण आमच्या मते रझाकारी संपली त्या दिवसाइतकाच हा दिवस महत्त्वाचा आहे. राज्य कोणाच्या घरची मालमत्ता नाही, हे त्या दिवशी कागदावर आले.

आणि साधेपणाचेच म्हणाल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याइतका साधा राज्यकर्ता शोधून सापडणार नाही. १९३७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. पण त्यांच्या जुन्या टोपीच्या, साध्या कपड्यांच्या आणि काटकसरीच्या गोष्टी आमच्याकडे अजूनही सांगितल्या जातात. पूर्वजांचा भव्य चौमहल्ला राजवाडा असताना ते राहत असत किंग कोठीत. म्हणून काय त्यांचे राज्य लोकशाहीचे ठरले? राज्यकर्त्याची टोपी फाटकी आहे की नवी, हा प्रश्न रयतेच्या कामाचा नाही. त्याला हिशोब विचारता येतो की नाही, हा प्रश्न कामाचा आहे. साधेपणा हा माणसाचा गुण आहे, उत्तरदायित्व हा व्यवस्थेचा. गुण माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबर जातो. व्यवस्था मागे राहते.

आता मुंबईकडे वळू. मलबार हिलवरचा 'वर्षा' बंगला आज मुख्यमंत्र्याचे निवासस्थान म्हणून शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 'सह्याद्री'त राहत. 'वर्षा'त राहत होते वसंतराव नाईक, ते मंत्री असताना. बंगल्याला 'वर्षा' हे नावही त्यांनीच दिले. १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी घर बदलले नाही आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ ते तिथेच राहिल्यामुळे 'वर्षा' म्हणजे मुख्यमंत्र्याचे घर असा पायंडा पडला. म्हणजे इथेही एका माणसाच्या सोयीतूनच रीत झाली. पण ती रीत पदाची झाली, नाईक घराण्याची झाली नाही, हे महत्त्वाचे.

त्या बंगल्यात कोण कोण गेले ते आठवून पाहा. वसंतराव नाईक हे बंजारा समाजातले, पुसदकडच्या गहुली गावचे. नांदेडचे शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले, १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये. कोकणातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये झाले. आमच्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील १९८५ मध्ये, बाभळगावचे विलासराव देशमुख १९९९ आणि २००४ मध्ये, सोलापूरच्या न्यायालयात कधीकाळी पट्टेवाला म्हणून उभे राहिलेले सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये, आणि नांदेडचेच अशोकराव चव्हाण २००८ मध्ये. यांतल्या कोणाच्या कारभाराविषयी काय म्हणायचे ते ज्याने त्याने म्हणावे. आमच्यापाशीही म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. मुद्दा इतकाच की, मुंबईत बापजाद्यांचे घर असणे ही मुख्यमंत्रिपदाची पात्रता नव्हती. राज्याने सांगितले, तू गावाहून ये, घराची काळजी करू नकोस, ते आम्ही देतो.

हे साधे वाटते. पण यामागे मोठी लढाई आहे. इंग्लंडमध्ये चार्टिस्ट कामगारांनी १८३८ पासून मागणी केली होती की, संसदेच्या सदस्यांना पगार द्या. नाहीतर तिथे फक्त जमीनदार आणि गिरणीमालक बसतील. ती मागणी पुरी व्हायला १९११ उजाडले. तेव्हा वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला आणि खाणीतल्या मजुराला संसदेत बसणे परवडू लागले. आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसने मंत्र्याचा पगार महिना ५०० रुपयांच्या वर नसावा असे ठरवले. तिथेही पगार नको असे कोणी म्हटले नाही, पगार मर्यादित असावा असे म्हटले. सरकारी घराचेही तेच आहे. मुख्यमंत्र्याला घर देऊ नका असे म्हणणारा माणूस नकळत असे म्हणत असतो की, ज्याला मुंबईत घर आहे त्यालाच मुख्यमंत्री करा. लातूरच्या माणसाने या मागणीला टाळ्या वाजवाव्यात, यासारखा आत्मघात नाही.

हे आम्ही हवेत बोलत नाही. ओडिशाचे उदाहरण ताजे आहे. नवीन पटनाईक २००० पासून २०२४ पर्यंत चोवीस वर्षे मुख्यमंत्री होते आणि भुवनेश्वरच्या 'नवीन निवास' या आपल्या वडिलार्जित घरातच राहिले. त्यांच्या साधेपणाचे देशभर कौतुक झाले. जून २०२४ मध्ये सत्ता बदलली आणि केओंझार जिल्ह्यातले आदिवासी समाजाचे मोहन माझी मुख्यमंत्री झाले. तेव्हा लक्षात आले की, राज्याच्या मुख्यमंत्र्याला राहायला घरच ठरलेले नाही. नवे घर शोधून तयार होईपर्यंत त्यांची सोय सरकारी अतिथिगृहात करावी लागली. एका श्रीमंत माणसाच्या साधेपणाची किंमत अशी नंतरच्या माणसाला मोजावी लागते. आता याची दुसरी बाजू पाहा. त्रिपुराचे माणिक सरकार वीस वर्षे मुख्यमंत्री होते, ते सरकारी निवासस्थानात राहत. २०१८ मध्ये पराभव झाला, तेव्हा त्यांनी ते सोडले आणि पक्षाच्या कार्यालयातल्या खोलीत राहायला गेले, कारण स्वतःच्या नावावर राहते घर नव्हते. यांत खरा साधा कोण? जो आपल्या वाड्यातून राज्य चालवतो तो, की जो राज्याच्या घरात राहून रिकाम्या हाताने बाहेर पडतो तो?

महाराष्ट्रालाही खाजगी घरातल्या सत्तेचा चांगला अनुभव आहे. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले. मनोहर जोशी 'वर्षा'वर राहत होते, पण सत्तेचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती आहे असे बाळासाहेब ठाकरे वांद्र्याच्या 'मातोश्री'तून उघड सांगत. त्यांनी ते लपवले नाही, हा त्यांचा मोकळेपणा म्हणा. पण ज्या घरात निर्णय होत होते त्या घराला विधानसभा प्रश्न विचारू शकत नव्हती. ज्याला प्रश्न विचारता येत होते तो निर्णय घेत नव्हता. २०१९ मध्ये उद्धव ठाकरे स्वतःच मुख्यमंत्री झाले, तेव्हा ही विसंगती संपायला हवी होती. पण राज्याचा कारभार बराच काळ 'मातोश्री'भोवतीच फिरत राहिला. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी 'वर्षा' सोडून सामान हलवले, तेव्हा कार्यकर्त्यांनी रस्त्यावर फुले उधळली. त्यांनी पदाला चिकटून न राहता बंगला सोडला, हे चांगलेच केले. आमचे दुःख निराळे आहे. राज्याचे घर हे मुक्कामाचे ठिकाण आणि खरे घर दुसरे, अशी भावना एकदा रुजली की सत्तेचाही खरा पत्ता दुसराच होतो. हा रोग एका पक्षाचा नाही. दिल्लीत २००४ ते २०१४ या काळात पंतप्रधान रेसकोर्स रोडला आणि सत्ता दहा जनपथला, असे लोक म्हणतच होते.

पत्त्याचे महत्त्व आम्हाला कसे कळले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहाजण वस्तीतल्या वाचनालयाच्या जागेचा अर्ज घेऊन रात्रीच्या रेल्वेने मुंबईला गेलो. खाते ज्यांच्याकडे होते ते साहेब आपल्या खाजगी फ्लॅटवरूनच काम पाहतात असे कळले. आम्ही पत्ता शोधत तिथे पोहोचलो. उंच इमारत, खाली पहारेकरी. त्याने विचारले, "कोणाचे नातेवाईक?" आम्ही म्हटले, कोणाचेच नाही, लातूरहून अर्ज घेऊन आलोय. तो म्हणाला, "सोसायटीचा नियम आहे, फ्लॅटवाल्यांनी नाव दिल्याशिवाय सोडता येत नाही." त्याचे चुकले नाही. ते घरच होते, आणि घरात कोणाला घ्यायचे हे घरमालकच ठरवतो. तीन तासांनी कोणी एक तरुण खाली आला, त्याने अर्ज घेतला, पाहिला न पाहिला आणि खिशात घातला. "सांगतो साहेबांना," म्हणाला. तो सरकारी नोकर होता, पक्षाचा होता, की साहेबांचा भाचा होता, ते आम्हाला आजपर्यंत कळलेले नाही. तो अर्ज कुठे गेला हेही कळलेले नाही.

दुसऱ्या वर्षी मंत्री बदलले होते. नवे सरकारी बंगल्यावर राहत. तिथेही पोलिस होते, तिथेही दोन तास उभे राहावे लागले, चहापाणी तर सोडाच, बसायला बाकही नव्हता. पण एका टेबलामागे एक कारकून होता. त्याने अर्ज घेतला, रजिस्टरात नोंदवला, आमच्या प्रतीवर आवक शिक्का मारला, वर क्रमांक आणि तारीख लिहिली आणि मान वर न करता म्हणाला, "पुढचा." त्या शिक्क्याने आमची जागा मिळाली का? नाही मिळाली. पण २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी होता, आणि त्या क्रमांकावरून आम्ही विचारू शकलो की, आमच्या कागदाचे काय झाले. उत्तर आले, फाईल अमुक टेबलावर आहे. मग आम्ही त्या टेबलाच्या मागे लागलो. आज वाचनालय एका खोलीत चालते आहे. जागा आम्ही मागितली तेवढी नाही, पण आहे. भाच्याच्या खिशाला माहितीचा अधिकार लागू होत नाही. सरकारी बंगल्यावरच्या आवक रजिस्टराला होतो. खाजगी घर आणि सरकारी घर यांतला फरक आम्हाला विचारला तर आम्ही हा एक शिक्का दाखवू.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खर्चाचा. मलबार हिलचा बंगला, हिरवळ, नोकरचाकर. आणि इकडे लोकांना प्यायला पाणी नाही. हा आक्षेप लातूरकराने घेतला तर त्याला कोणी गप्प करू नये. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे २०१९ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या मुंबईच्या पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीत मंत्र्यांच्या बंगल्यांबरोबर 'वर्षा'चेही नाव होते, ते वाचून आमच्या घशाला कोरड पडली.

त्याहून जुनी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्या घरांची मापे सरकारने ठरवली होती. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. म्हणजे ज्याचे सगळे गेले त्याला किती घर लागते, याचा हिशोब राज्याला करता येतो. मग तोच फूटपट्टीचा न्याय राज्य स्वतःच्या घराला का लावत नाही? मुख्यमंत्र्याला २५० चौरस फुटांत राहायला लावा असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याकडे माणसे येतात, फायली येतात, रात्री-अपरात्री बैठका होतात. पण कुटुंबाला अमुक खोल्या, कार्यालयाला अमुक, अभ्यागतांना बसायला एक सावलीची जागा, असे माप ठरवता येते आणि ते जाहीर करता येते. खर्चाच्या आक्षेपाला उत्तर घर लहान करणे हे आहे, घर नाहीसे करणे हे नाही.

शिवाय खाजगी घर फुकट पडते, हाही एक भ्रम आहे. मुख्यमंत्री कुठेही राहिला तरी पोलिस तिथे जातात, अडथळे उभे राहतात, दूरध्वनीच्या तारा जातात, रस्ते बंद होतात, शेजाऱ्यांचे हाल होतात. सरकारी घरावर खर्च केला तर भिंत राज्याची राहते. खाजगी घरावर खर्च केला तर उद्या ती भिंत मालकाची. सार्वजनिक पैशातून खाजगी भिंत उभी करणे, यालाच आमच्या आजोबांच्या भाषेत सर्फे-खास म्हणत.

दुसरा आक्षेप मोठ्या माणसांच्या नावाने येतो. उरुग्वेचे होसे मुहिका २०१० ते २०१५ या काळात राष्ट्राध्यक्ष होते आणि राजधानीबाहेरच्या आपल्या छोट्या शेतघरातच राहिले. ममता बॅनर्जी २०११ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावरही कालीघाटच्या आपल्या जुन्या घरातच राहिल्या. मुहिका यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण संताच्या आचरणावरून नियम करता येत नाही, कारण दरवेळी संत निवडून येत नाही. दिल्लीत अरविंद केजरीवाल यांनी पहिल्यांदा निवडून आल्यावर मोठे सरकारी घर नाकारले, तेव्हा कोण टाळ्या पडल्या! पुढे त्यांच्याच सरकारी बंगल्याच्या नूतनीकरणावर कोट्यवधी खर्च झाल्याचा वाद २०२३ पासून पेटला आणि २०२५ च्या निवडणुकीत तो विरोधकांचे मोठे हत्यार ठरला. आरोपांत किती तथ्य, हा वेगळा प्रश्न. आम्ही शिकलो ते एवढेच की, नियमाच्या जागी वचन ठेवले की ते वचन माणसाच्या मनासारखे वाकते. घर केवढे, खर्च किती, हे कायद्याने बांधलेले असते तर ना त्या टाळ्या पडल्या असत्या, ना पुढची शोभा झाली असती.

इथपर्यंत आम्ही खाजगी घरावर बोललो. आता सरकारी घरात राहणाऱ्यांचेही कान धरले पाहिजेत, नाहीतर आम्ही बंगल्यांचे वकील ठरू.

सरकारी घर घराण्याचे करण्याची खोड आपल्याला जुनी आहे. तीन मूर्ती भवन पंतप्रधानांचे घर होते. १९६४ मध्ये नेहरू गेले आणि ते स्मारक झाले. इंदिरा गांधींचे १, सफदरजंग रोड १९८४ नंतर स्मारक झाले. पंतप्रधानाचे घर एका ठिकाणी पक्के व्हायला १९९० साल उजाडावे लागले. मुंबईच्या महापौरांचे शिवाजी पार्कजवळचे निवासस्थान बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी दिले गेले आणि महापौरांना भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या बंगल्यात जावे लागले. थोरांची स्मारके जरूर व्हावीत. पण जिवंत पदाचे घर काढून घेऊन नव्हे. उत्तर प्रदेशात तर माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात बंगले देण्याचा कायदाच केला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये तो रद्द केला. पद सोडले की माणूस पुन्हा सामान्य नागरिक, हा साधा विचार न्यायालयाला सांगावा लागला.

आणि घर आणि पद यांची सरमिसळ झाली की काय होते, हे आम्हा लातूर-नांदेडकरांना कोणी सांगायला नको. लिहिताना हात जड होतो, कारण विलासरावांवर या शहराने जीव लावला होता. पण नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ताज हॉटेलच्या पाहणीला जाताना बरोबर अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होते. त्यावरून गदारोळ झाला आणि पद सोडावे लागले. त्यांच्या जागी नांदेडचे अशोकराव आले. त्यांनाही दोन वर्षांत कुलाब्याच्या 'आदर्श' सोसायटीतल्या नातेवाइकांच्या सदनिकांच्या आरोपावरून जावे लागले. एका ठिकाणी घरचा माणूस सरकारी कामात आला, दुसऱ्या ठिकाणी सरकारी अधिकार घरच्यांच्या कामी आला असा आरोप झाला. दिवाणी कुठे संपते आणि सर्फे-खास कुठे सुरू होते, ती रेषा पुसली की मराठवाड्याच्या वाट्याला आलेले पदही असे हातचे जाते.

अलीकडची गोष्ट तर हसावे की रडावे अशी. देवेंद्र फडणवीस डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण 'वर्षा'वर राहायला जायला २०२५ चा उन्हाळा लागला. तोवर ते 'सागर'मध्ये होते, आणि 'सागर'ही सरकारीच, तेव्हा आमची त्याला हरकत नाही. मुलीच्या दहावीच्या परीक्षेचे कारण त्यांनी सांगितले, तेही बापाचे कारण म्हणून पटण्यासारखे आहे. पण मधल्या काळात 'वर्षा'च्या आवारात रेड्याची शिंगे पुरली आहेत, अशी चर्चा विरोधकांनी जाहीरपणे केली. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केलेले हे राज्य, आणि त्याच्या मुख्यमंत्र्याच्या घरावर चर्चा कसली, तर शिंगांची! घर कधी घ्यायचे आणि कधी सोडायचे हे नियमाने ठरलेले नसले की तिथे अफवाच राहायला येतात.

आमच्या घरांत उमर बिन अब्दुल अझीझ या खलिफाची एक गोष्ट सांगितली जाते. रात्री ते राज्याचे काम करत होते. पाहुणा आला आणि घरची खुशाली विचारू लागला. खलिफांनी समोरचा दिवा विझवला आणि दुसरा लावला. पाहुण्याने कारण विचारले, तर म्हणाले, तो दिवा बैतुलमालच्या, म्हणजे लोकांच्या खजिन्याच्या तेलावर जळत होता. आता आपण माझ्या घरचे बोलतो आहोत. ही गोष्ट साधेपणाची म्हणून सांगतात. आम्हाला ती साधेपणाची वाटत नाही. दिवे दोन्ही साधेच होते. गोष्ट आहे ती दोन दिवे वेगळे ठेवण्याची. अमानत म्हणतात ती हीच. लोकांचे ते लोकांच्या दिव्याखाली, घरचे ते घरच्या.

इंग्लंडच्या रॉबर्ट वॉलपोलचेही असेच. राजाने त्याला डाउनिंग स्ट्रीटवरचे घर बक्षीस म्हणून देऊ केले. त्याने ते स्वतःसाठी घेतले नाही. आपल्या पदासाठी द्या, म्हणजे पुढे जो या पदावर येईल तो इथे राहील, असे सांगितले. १७३५ मध्ये तो तिथे राहायला गेला. वॉलपोल काही धुतल्या तांदळाचा नव्हता, त्याच्या भ्रष्टाचाराच्या कथा इंग्रज अजून सांगतात. पण त्याने घातलेली ती एक अट त्याच्यापेक्षा जास्त टिकली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुख्यमंत्र्याचे निवासस्थान कायद्याने एक ठरवावे. शपथेनंतर ठरावीक दिवसांत तिथे राहायला जाणे आणि पद गेल्यावर ठरावीक दिवसांत ते सोडणे बंधनकारक करावे. राहण्याचा भाग आणि कार्यालयाचा भाग भिंतीने वेगळा असावा. दुरुस्ती, वीज, पाणी यांचा हिशोब दरवर्षी विधिमंडळापुढे यावा. ते घर कधीही कोणाचे स्मारक होणार नाही, असे त्याच कायद्यात लिहावे. आणि फाटकापाशी एक टेबल, एक कारकून, एक आवक रजिस्टर असावे. मराठवाड्यासाठी वेगळा बंगला आम्ही मागत नाही. नागपूरला 'रामगिरी' आहे म्हणून आम्हालाही हवा, ही हौस आम्हाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली, तेव्हा महागड्या हॉटेलांवर टीका झाली आणि मुख्यमंत्री सुभेदारी विश्रामगृहात उतरले. तेवढे पुरे. सरकारी विश्रामगृह चांगले आहे, छप्पर गळत नाही.

शेवटी पुन्हा किल्लारी. त्या रात्री गणपती विसर्जन होते. मुख्यमंत्री शरद पवार 'वर्षा'वर जागे होते, राज्यभरातल्या मिरवणुका शांततेत पार पडल्याच्या खबरा घेत होते. झोपायला जाताना खिडक्यांची तावदाने थरथरली, हे त्यांनी नंतर सांगितले आहे. कोयनेला फोन लागला, धक्क्याचे केंद्र लातूर जिल्ह्यात असल्याचे कळले आणि सकाळी ते इकडे निघाले. हे खाजगी घरातूनही झाले असते, असे कोणी म्हणेल. त्या माणसाच्या बाबतीत झालेही असते. पण ढिगाऱ्याखाली असलेल्या आमच्या माणसांनी मुख्यमंत्री कोण आहे, तो कुठल्या घरात झोपतो, त्याला जाग येते की नाही, यावर हवाला ठेवायचा होता का? जो कोणी त्या पदावर असेल त्याच्या घरातला फोन रात्री तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी राज्याचा फोन असला पाहिजे, आणि तो उचलणारा राज्याचा माणूस असला पाहिजे.

मुंबईतले ते घर आम्हाला यासाठी हवे आहे. त्यात राहणारा आमच्या लातूरचा असो की नसो.